मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी ऑइल कसं निवडावं: गोव्यातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

म्हापशाला, फोंड्याला किंवा मडगावला स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "गिअर ऑइल द्या" एवढंच म्हटलं, तर बहुधा ८०डब्ल्यू-९०चा डबा समोर येतो. गॅरेजच्या बोलीत तो "नव्वद नंबर". जुन्या जीपला आणि टेम्पोला तो वर्षानुवर्षं चालत आला, म्हणून कोणत्याही गाडीला चालतो असं धरलं जातं. आजच्या लहान गाड्यांच्या गिअरबॉक्सला तो बऱ्याचदा चालत नाही. नुकसान लगेच दिसत नाही. काही हजार किलोमीटरनंतर दुसरा गिअर करकरायला लागतो, आणि तेव्हा ऑइल कोणालाच आठवत नाही.

गिअर ऑइल निवडताना चार गोष्टी बघायच्या: गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय, जीएल वर्ग (ऑइल कोणत्या प्रकारच्या गिअरसाठी आहे ते सांगणारा) कोणता, घट्टपणाचा आकडा कोणता आणि शेवटी कंपनी कोणती. बहुतेक जण शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतात.

आधी पुस्तिका उघडा

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत मागच्या बाजूला क्षमता आणि वंगणांचा तक्ता असतो. त्यातली "मॅन्युअल ट्रान्समिशन" ही ओळ शोधा आणि ती जशीच्या तशी उतरवून घ्या किंवा फोनमध्ये फोटो काढा. त्या ओळीत तीन गोष्टी मिळतात: एसएईचा, म्हणजे घट्टपणाचा आकडा (७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९० असा काहीतरी), एपीआय वर्ग, म्हणजेच जीएल वर्ग (बहुतेक वेळा जीएल-४) आणि किती लिटर लागतं ते. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण दोन लिटरच्या आसपास लागतं, मोठ्या डिझेल गाड्यांना जास्त. मात्र अंदाजावर खरेदी करू नका. पुस्तिका २.२ लिटर म्हणत असेल तर एक लिटरचे दोन डबे आणि अर्ध्या लिटरचा एक घ्यावा लागतो. गाडी खाली ड्रेन करून ठेवलेली आणि पाव लिटर कमी पडलंय, अशी वेळ रविवारी दुपारी आली तर दुकान उघडं मिळत नाही.

जुनी गाडी घेतली आणि पुस्तिका मिळाली नसेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्षाप्रमाणे ती मिळते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर चासी नंबर सांगितला तरी नेमकं ऑइल आणि प्रमाण कळतं. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलचे गिअरबॉक्स वेगळे असू शकतात, वर्षाप्रमाणेही बदलतात. म्हणून "शेजाऱ्याच्या त्याच गाडीत हे घातलं" हा पुरावा धरू नका.

काही कंपन्या एपीआय वर्ग न देता स्वतःचं ऑइल सांगतात. होंडाचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) आहे. ते मिळालं नाही तर तात्पुरता उपाय म्हणून १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं असं होंडाच्याच अनेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं, पण नव्वद नंबर चालेल असं त्या सांगत नाहीत. फोक्सवॅगन आणि स्कोडा आपापले क्रमांक देतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं ऑइल घ्यायचं असेल तर डब्यावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात तो क्रमांक छापलेला दिसला पाहिजे.

जीएल-४ आणि जीएल-५: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

जीएल-५ म्हणजे जीएल-४ची सुधारलेली, महाग आवृत्ती, असा समज पक्का रुजलेला आहे. तो चूक आहे. दोघांची कामं वेगळी.

गिअर बदलताना फिरणाऱ्या दोन भागांचा वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंग करते. ही रिंग बऱ्याच गाड्यांत पितळेची किंवा कांशाची असते. गिअर टाकताना ती समोरच्या कोनावर घासते, त्या घर्षणाने वेग सारखा होतो आणि मगच दात एकमेकांत बसतात. म्हणजे इथे ऑइलने दातांना आणि बेअरिंगला वंगण द्यायचं, पण रिंग आणि कोनाच्या मधून पटकन बाजूलाही व्हायचं. जीएल-४ ऑइल या कामासाठी बनवलेलं असतं.

जीएल-५ हे हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शिअलमधल्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागातल्या) क्राउन आणि पिनियन या गिअरच्या जोडीसाठी. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात. तो दाब सोसण्यासाठी या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायन जीएल-४च्या साधारण दुप्पट असतं. तेच रसायन, त्यातलं गंधक सक्रिय प्रकारचं असेल तर, तापलेल्या गिअरबॉक्समध्ये पितळेला खातं. शिवाय हे ऑइल सिंक्रोसाठी जास्त निसरडं पडतं. रिंगला पकड मिळत नाही, वेग जुळायला उशीर होतो आणि दात करकरतात. घाईने खालच्या गिअरवर येताना हे आधी जाणवतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत (स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो, क्विड वगैरे) डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो. त्याचे दात साधे तिरके असतात, हायपॉइड नसतात. म्हणून तिथे जीएल-५ची गरजच नाही. एकच ऑइल दोन्हीकडे पुरतं.

ईको, बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांची गोष्ट वेगळी. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, मागच्या हाउजिंगचं, म्हणजे मागच्या डिफरन्शिअलच्या कवचातलं वेगळं. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वळवणारी पेटी) आणखी वेगळे. हाउजिंगला जीएल-५ हवंच, तिथे जीएल-४ घातलं तर क्राउन-पिनियन लवकर झिजतात. गॅरेजात एकाच कॅनमधून दोन्हीकडे ओतलं जाऊ नये म्हणून डब्यांवर मार्करने "गिअरबॉक्स" आणि "हाउजिंग" लिहून द्या.

डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर थांबा. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की हे जीएल-५ आहे, त्यामुळे जीएल-४ जितका दाब सोसतं तितका सोसेलच. पितळेबद्दल तो डबा काहीच सांगत नाही. अशा वेळी कंपनीचं माहितीपत्रक उघडून "कॉपर स्ट्रिप करोजन" ही ओळ बघा. ही चाचणी १ ते ४ अशी श्रेणी देते. १ए किंवा १बी असेल तर तांबं-पितळ सुरक्षित. ३ असेल तर ते ऑइल सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सपासून दूर ठेवा. सिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी योग्य असं स्पष्ट वाक्य असेल तर उत्तम.

एमटी-१ असं लिहिलेलं ऑइल ट्रक आणि बसच्या सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्ससाठी असतं, गाडीसाठी नाही. जीएल-१, २, ३ आता कालबाह्य. आणि हेही खरं की काही थोड्या कंपन्या आपल्या गिअरबॉक्सला जीएल-५च सांगतात. तसं असेल तर जीएल-५च घाला. पुस्तिकेचा शब्द शेवटचा.

आकड्यांचा अर्थ

गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला एसएई ९० गिअर ऑइलची घट्टता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या (घट्टता मोजायचं एकक) दरम्यान असते, तर एसएई ४० इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३. म्हणजे "नव्वद" हे "चाळीस"च्या दुपटीने घट्ट नाही, दोघं जवळजवळ शेजारीच आहेत. होंडाला तात्पुरतं इंजिन ऑइल का चालतं, त्याचं उत्तरही यातच आहे.

पहिला आकडा, "डब्ल्यू"च्या आधीचा, थंडीतल्या वाहतेपणाचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ला. गोव्यात जानेवारीची पहाटही क्वचितच १५ अंशांखाली जाते, तेव्हा निव्वळ थंडीच्या हिशेबाने हा आकडा आपल्याला फारसा महत्त्वाचा नाही. पण ७५डब्ल्यूची ऑइलं बहुतेक सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक असतात, आणि त्यामुळे सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर सहज पडतो. ज्यांना तो जड लागतो त्यांच्या गाडीत अनेकदा ७५डब्ल्यू-८०च्या जागी ८०डब्ल्यू-९० असतं.

दुसरा आकडा तापलेल्या गिअरबॉक्सचा. इथे "गोव्यात उकाडा आहे, जरा जाड घाला" हा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. गिअरबॉक्स ज्या तापमानावर चालतो, त्यापुढे आपल्या मे महिन्याचा उकाडा किरकोळ आहे, आणि कंपनीने आकडा ठरवताना राजस्थानही धरलेलाच असतो. नव्या गाड्यांत मायलेजसाठी आणि हलक्या शिफ्टसाठी पातळ ऑइल दिलेलं असतं, बेअरिंगच्या बारीक वाटा त्याच हिशेबाने ठेवलेल्या असतात. जास्त जाड ऑइल तिथपर्यंत उशिरा पोचतं. उलट, सांगितल्यापेक्षा पातळ घातलं तर चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना तिसऱ्या गिअरवर ऑइलचा पडदा टिकत नाही आणि घरघर ऐकू येते. दीड लाख किलोमीटर चाललेल्या, थोडा आवाज करणाऱ्या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८०ऐवजी ७५डब्ल्यू-८५, इतकीच मोकळीक घ्यावी. त्याहून पुढे जाऊ नये.

ऑटो गिअर शिफ्ट म्हणजे एएमटी असलेल्या गाडीत आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, त्याचं ऑइलही मॅन्युअलचंच. पण गिअर टाकणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचं तेल वेगळं असतं, त्याला हात लावू नका. सीव्हीटी, डीएसजी, टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना यातलं कोणतंही ऑइल चालत नाही.

बिघाड ऑइलचाच आहे का, हे आधी तपासा

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचं ॲडजस्टमेंट किंवा हायड्रॉलिकमधली हवा तपासा. फक्त रिव्हर्स करकरत असेल तर बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोच नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर जातो, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. यातलं काहीही ऑइल बदलून बरं होत नाही. ज्या दुकानात यावर "ॲडिटिव्ह टाका" म्हणतात तिथून रिकाम्या हाताने परत या. घर्षण कमी करणारं औषध सिंक्रोचं उरलंसुरलं घर्षणही घालवतं.

ऑइल कमी झाल्याचा संशय असेल तर ड्राइव्ह शाफ्टची सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टची सील आणि रिव्हर्स स्विचच्या भोवती ओल बघा. गंधकामुळे गिअर ऑइलला उग्र, कुबट वास असतो, त्यावरून ते इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखता येतं. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असतो, त्यामुळे पातळी घटली की आधी तोच उपाशी राहतो.

कधी बदलायचं

पुस्तिकेतला आकडा किलोमीटर आणि वर्षं असा दुहेरी असतो, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. गोव्यात वर्षांकडे लक्ष द्यायला हवं. उभा गोवा साधारण शंभर किलोमीटरचा. पर्वरीहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्या गाडीचे चाळीस हजार किलोमीटर व्हायला सहज पाच-सहा वर्षं लागतात. तोवर त्या ऑइलने पाच पावसाळे काढलेले असतात. पुस्तिकेत "आयुष्यभरासाठी" लिहिलं असलं तरी आमच्या मते पाच वर्षांनी एकदा काढून बघावं. ऑइलचा खर्च गिअरबॉक्स उघडण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. जुनी गाडी विकत घेतली असेल तर वाट न पाहता बदला, कारण आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पाण्यातून गाडी गेली तर मात्र वर्षं-किलोमीटर काहीच मोजायचं नाही. गिअरबॉक्सला वर श्वास घ्यायची एक छोटी नळी असते, ब्रीदर. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. सीलमधूनही येतं. कुळ्याहून दूधसागरकडे नदी ओलांडत जाणाऱ्या जिपांना हे रोजचंच, पण जुलैत तुंबलेल्या सखल रस्त्यावर, किंवा भरतीच्या वेळी चोडण-दिवाडीच्या फेरीधक्क्यावर साध्या गाडीलाही होऊ शकतं.

तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी, गाडी सुरू न करता, ड्रेन नट अगदी थोडा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून असेल तर आधी तेच ठिबकेल. गाडी चालवून झाली असेल तर ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसेल. मग सगळं काढा, योग्य वर्गाचं पण स्वस्त ऑइल भरून पन्नासेक किलोमीटर चालवा, ते काढा आणि नंतर चांगलं भरा. दुसऱ्यांदा काढलेलंही दुधाळ निघालं तर पुन्हा एक फेरी. खारं पाणी असेल तर एक दिवसही थांबू नका, बेअरिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

बदलण्याची रीत

दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट वाहील. गाडी सपाट हवी. अंगण उताराचं असेल तर पातळी चुकीचीच भरेल, त्यापेक्षा गॅरेजचा पिट बरा. घरी करणार असाल तर फक्त जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नका. चार स्टँड लावा आणि पावसाने मऊ झालेल्या लाल मातीवर स्टँडखाली जाड फळी घाला, नाहीतर स्टँड रुततो.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा आणि दोन्ही नटांभोवतीची माती ब्रशने साफ करा. आधी वरचा फिलर नट, म्हणजे ज्याच्या भोकातून ऑइल भरतात तो, सैल करा. हे विसरू नका. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत खाऱ्या हवेने तो गंजून अडकलेला असतो. खालचा उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. अडकला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कुठे षटकोनी डोकं असतं, कुठे ॲलनची खाच, कुठे चौकोनी खाच. मापाचा पाना हाताशी नसेल तर पकड लावून कडा गोल करू नका. काही गाड्यांत फिलर नट नसतोच. तिथे रिव्हर्स स्विचच्या किंवा स्पीडोमीटर सेन्सरच्या भोकातून मोजून ऑइल घालतात.

आता खालचा नट उघडा आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. नटाला बहुधा लोहचुंबक असतं, त्यावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी, लोण्यासारखा लगदा असेल तर नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यासाठी निघालेलं ऑइल उन्हात धरून बघा. सोनेरी चमक भरपूर असेल तर सिंक्रो रिंग संपत आल्या आहेत, आणि आधी जीएल-५ पडलं असण्याची शक्यता आहे.

वॉशर नवा घाला, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, जो होता तोच. काही गाड्यांत वॉशरऐवजी आट्यांना सीलंट लावायचा असतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावून नट पिळला तर आटे जातात. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतल्या आकड्यावर थांबा.

भरताना हातपंप किंवा बॉनेटमधून सोडलेली लांब नळी आणि नरसाळं वापरा. घाई करू नका, गिअर ऑइल सावकाश उतरतं. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून बारीक धार बाहेर यायला लागली की पातळी झाली. थेंब थांबेपर्यंत वाट बघा, नट लावा. किती गेलं ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. अर्धा लिटर कमी गेलं तर गाडी तिरकी आहे किंवा जुनं नीट निथळलेलं नाही. कडेच्या वर भरणं हा फायदा नाही. जादा ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेर येतं.

चालवून आणल्यावर दोन्ही नट कोरडे आहेत का बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा.

खरेदी करताना

सीलबंद डबाच घ्या, ड्रममधलं सुटं ऑइल नको. झाकणाची रिंग, बॅच नंबर आणि तारीख बघा, क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा आणि बिल मागा. वर्ग आणि आकडा बरोबर असेल तर नामांकित कंपन्यांपैकी कोणतीही चालते. मिनरल आणि सिंथेटिकमध्ये निवड असेल आणि गाडी घाटात, भाड्याने किंवा भरल्या वजनाने चालत असेल तर सिंथेटिक घ्या.

काढलेलं ऑइल रिकाम्या डब्यांत भरून गॅरेजला द्या, तिथून ते भंगारवाले पुनर्प्रक्रियेसाठी नेतात. माडाच्या मुळाशी किंवा गटारात ओतलं तर पहिल्या पावसात ते कोणाच्या तरी विहिरीत आणि पुढे खाजन शेतात उतरतं. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावा: ऑइलचं पूर्ण नाव, जीएल वर्ग, आकडा, किती लिटर गेलं, तारीख, किलोमीटर. पुढचा मेकॅनिक मग नव्वद नंबरचा कॅन हातात घेण्याआधी ते वाचेल.